हार आधी कुणी पाठवायचा

फाल्गुन लागला की नवी पेठेतल्या दुकानांच्या दारांत साखरेचे हार लटकायला लागतात. पांढरे, गुलाबी, मधेच एखादा पिवळाजर्द. खाली मोठं पदक, वर साखरेच्या गाठींची माळ, आणि शेजारच्या दोरीला लहान मुलांच्या हातात घालायची कडी. ऊन तापायला लागलेलं असतं, रिक्षावाले गर्दीतून हॉर्न वाजवत वाट काढत असतात आणि दुकानदार हातातल्या फडक्यानं हारांवरच्या माश्या उडवत असतो. मी दरवर्षी इथं येते, एक मोठा हार घेते, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवते आणि होळीच्या आदल्या दिवशी अक्कलकोटची एसटी पकडते. यंदा मात्र दुकानासमोर नुसती उभी राहिले. दुकानदार ओळखीचा. त्यानं सवयीनं मोठा हार खाली काढला आणि मी त्याला जरा थांब म्हणाले.

हा हार माझ्या भाऊजींसाठी असतो, म्हणजे ताईच्या नवऱ्यासाठी. आई-अण्णा गेले, आम्हाला भाऊ नाही, म्हणून माहेरचा हार घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. आणि भाऊजी मार्गशीर्षात गेले. दुखवट्याचं वर्ष, घरात गोडधोड नाही, सण नाही. मग हार न्यायचा की नाही? ताईला फोन करून विचारावं तर शब्द कुठून आणायचे? तीही तिकडून काही बोलत नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघी फोनवर उन्हाचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो, पाणी किती दिवसांनी येतं ते बोलतो आणि ठेवून देतो. दुकानासमोर उभी असताना जाणवलं, असं ताटकळणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. अशीच एक होळी मी अकरा वर्षांची असताना आमच्या घरात येऊन बसली होती.

लहानपणी गोळ्या म्हणजे अण्णांचा खिसा. अण्णा गिरणीच्या ऑफिसात कारकून. शनिवारी भोंगा लवकर व्हायचा आणि ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की मी त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बघायची. खिसा फुगलेला असला की आत कागदाची पुडी असायची. कधी लिमलेटच्या गोळ्या, कधी बडीशेपेच्या रंगीबेरंगी, कधी साखर घोळलेल्या, संत्र्याच्या फोडीसारख्या. पुडी आधी ताईच्या हातात पडायची, कारण ती थोरली. मी एक गोळी गालात धरून दुपारभर पुरवायची, मधे बाहेर काढून किती उरली ते बघायची आणि पुन्हा आत ठेवायची. ताईला ते बघवत नसे. ती गोळी तोंडात टाकायची आणि कडाकडा चावून मोकळी व्हायची. आई म्हणायची, दातांच्या कण्या होतील. ताईचं उत्तर ठरलेलं असे, जे खायचंच आहे ते चघळत काय बसायचं. अण्णा एरवी फारसं हसत नसत, पण तिचा तो कड् कड् आवाज ऐकून हसत.

पण सगळ्या गोळ्या एकीकडे आणि होळीचा हार एकीकडे. आमच्या गल्लीमागे एकाची भट्टी होती. फाल्गुनात तिथं लाकडी साचे मांडलेले असत. साच्यात दोरा घालायचा, वरून उकळता पाक ओतायचा, थिजला की साचा उघडायचा, आणि आतून पांढराशुभ्र हार निघायचा. ताजा हार हाताला कोमट लागतो हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे. शेजारच्या घरांतून मागांची खटखट चाललेली असायची आणि त्या खटखटीत तो गोड, जरासा करपट वास मिसळलेला असायचा. होळीला हार गळ्यात घालून आम्ही दिवसभर हुंदडायचो. गळा चिकट व्हायचा, मुंग्या लागायच्या, आई ओरडायची. गाठी संपल्या की मी दोरासुद्धा चोखायची. दोऱ्याला शेवटपर्यंत चव असायची.

हार आणायचा मान मामाचा. मामा केमला शेती करायचा. होळीच्या आदल्या दिवशी तो गाडीनं यायचा, पिशवीत हुरड्याचे चार दाणे, गूळ आणि दोघींसाठी दोन हार. त्या वर्षीही आला. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, साखर अजून रेशनवर होती, तरी त्यानं हार आणला होता. एकच. तो माझ्या गळ्यात घातला आणि ताईला म्हणाला, "सुमे, तुजा न्हाय आणला बग. तुजा आता सासरचा येनार की."

ताई लाजली. आईसुद्धा हसली. कारण माघात ताईचा साखरपुडा झाला होता. मुलगा अक्कलकोटचा, तिथल्याच शाळेत मास्तर. बोलणं बेताचं, पण ताईकडे बघताना कान लाल व्हायचे. आमच्याकडची रीत अशी की सोयरीक ठरली की पहिल्या होळीला मुलाकडून नव्या सुनेला साडी आणि साखरेचा हार येतो. सगळी गल्ली तो बघायला येते. आईनं पाट मांडला, हळदीकुंकवाचं ताट भरून ठेवलं, पुरणाचा घाट घातला. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसले.

कुणी आलं नाही.

होळी पेटली, नारळ पडला, पोरं बोंबलून दमली आणि घरी गेली. माझ्या गळ्यात हार होता आणि ताईचा गळा जन्मात पहिल्यांदा होळीला रिकामा होता. मी माझ्या हारातली एक गाठ तोडून तिला द्यायला गेले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, धुळवड आहे, रंगाच्या गर्दीत कोण येणार. मग म्हणाली, रंगपंचमीला येतील. रंगपंचमी कोरडी गेली. मग म्हणाली, पाडव्याला येतील, काही लोकांत पाडव्याला पाठवतात. म्हणताना ती आमच्याकडे बघत नसे. समोरच्या कमलाकाकू मात्र रोज बघत. पाणी भरायला नळावर गेलं की त्यांचा प्रश्न तयार, आला का हार? आई म्हणायची, येईल की. एकदा काकूंनी सांगितलं की अक्कलकोटची विहीणबाई त्यांना नवी पेठेत साड्यांच्या दुकानात दिसली, भारीतली साडी बघत होती. एवढं सांगून काकू गप्प बसल्या. ती साडी कुणासाठी, हे विचारायची हिंमत आईला झाली नाही. घरी येऊन तिनं रिकामी घागर तशीच चुलीपाशी ठेवली.

आमच्या घरात एवढा घोर लागायला कारण होतं. ताईचं हे दुसरं ठरलेलं लग्न. दोन वर्षांपूर्वी बार्शीकडच्या एका घरी सुपारी फुटली होती आणि मग तिकडून असंच सगळं थंड पडलं. ना होय, ना नाही. शेवटी अण्णा स्वतः विचारायला गेले. त्या लोकांनी त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि कळवतो म्हणाले. घरात या, असं काही कुणी म्हटलं नाही. अण्णा परत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि न जेवता झोपले. त्यानंतर ते एकच वाक्य बोलत, मुलीच्या बापानं विचारायला जायचं नसतं. सोयरीक एकदा मोडली तर लोक मुलाला नावं ठेवतात. दुसऱ्यांदा मोडली तर मुलीत खोट शोधतात. हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पण घरातल्या भांड्यांनासुद्धा ते कळलं होतं.

मधला एक शनिवार आला. भोंगा झाला, अण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले, खिसा सपाट होता. पुढच्या शनिवारी आईनं बहुतेक आठवण केली असावी, कारण संत्र्याच्या फोडींची पुडी आली. ताईनं एक गोळी तोंडात टाकली आणि गालात धरून बसली. मी कान देऊन वाट बघितली. ती चावेचना. तिच्या गालाला उंचवटा आलेला, नजर दाराकडे, आणि हळूहळू तो उंचवटा विरघळत गेला. मला तेव्हा खरी भीती वाटली. हार आला नाही याची मला तितकी वाटली नव्हती.

पाडवा दोन दिवसांवर आला तसं त्या घरात श्वास घेणं अवघड झालं. दुपारी अण्णा जेवायला बसले होते. ताईनं ताटात भाकरी वाढली आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "अण्णा, ते नाही म्हणाले तर मी सोसेन. पण मला असं मधे लोंबकळत ठेवू नका."

अण्णांचा घास हातात राहिला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दगडासारखी उभी. ताईनं पाणी वाढलं आणि ती आत गेली. अण्णांनी ताट संपवलं. अन्न टाकायचं नाही हा त्यांचा नेम होता, पण त्या दिवशी ते कसे गिळत होते ते मी बघितलं आहे. संध्याकाळी ते कुणाला न सांगता बाहेर पडले आणि भट्टीवरचा सगळ्यात मोठा हार घेऊन आले. मुलाकडच्यांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच आईला म्हणाले. सकाळी काळी टोपी घातली आणि मला म्हणाले, चल. मला न्यायचं कारण मला पुढे कळलं. एकटा बाप गेला तर तो विचारायला आल्यासारखा दिसतो. लेक बरोबर असली की स्वामींच्या दर्शनाला आलो होतो, सहज डोकावलो, असं म्हणता येतं.

एसटी खचाखच भरलेली. अण्णांनी हाराची पुडी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, जणू तान्हं मूल. हार फुटणं अशुभ मानतात. वाटेत खड्डा आला, गाडी आदळली, आणि कागदाच्या आतून बारीक कट् असा आवाज आला. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी पुडी उघडून बघितली नाही. बाहेर करडई काढलेली रानं, उन्हात भगभगणारी काळी माती आणि मधेच एखादं कडुनिंबाचं झाड, एवढंच बघत आम्ही अक्कलकोटला उतरलो. अण्णा आधी मठात गेले. हात जोडून फार वेळ उभे राहिले. मला वाटतं ते दर्शन कमी आणि पाय ओढणं जास्त होतं.

मुलाच्या घरी आलो तेव्हा त्याची आई दारातच होती. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, पदर खोचलेला. आम्हाला बघून ती दचकली. "बर्री, बर्री," या, या, असं कानडीत म्हणाली खरी, पण हसली नाही. मग म्हणाली, "आत सारवलंय, ओलं हाय. जरा हितंच बसा की ओ." आणि आत निघून गेली.

अण्णा ओट्यावर बसले. एका मुलीनं आतून तांब्याभर पाणी आणून ठेवलं. ओटा, पाणी, आणि आत बंद झालेलं बोलणं. अण्णा पाण्याकडे बघत राहिले, त्याला शिवले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीखालचं कपाळ पांढरं होतं आणि त्यावर घाम आला होता. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्या घरात वडिलांचा हात धरायची पद्धत नव्हती. मी नुसती सरकून त्यांच्या जवळ बसले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ती बाई बाहेर आली तेव्हा हात धुतलेले, अंगावर धुवट लुगडं. उंबऱ्यावर बसली आणि एकदम म्हणाली, "होळीला पुरण वाटून वाट बघितली. पोराच्या गळ्यात हार न्हाई म्हणून गल्लीतल्या बायका इचारत्यात. आमचं काय चुकलं तेवढं सांगा."

अण्णांनी मान वर केली. त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "वाट तर आम्ही बघत होतो."

मग हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या घरची रीत आमच्या उलट. पहिल्या होळीला मुलीचा बाप हार घेऊन येतो आणि जावयाच्या गळ्यात घालतो. तो पडल्याशिवाय सुनेला हार पाठवणं त्यांच्यात अपशकुन. तिच्यासाठी साडी नवी पेठेतून आणून पेटीत ठेवली होती. हार डब्यात घालून, मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला होता. साखरपुड्यात पानसुपारीपासून वाजंत्रीपर्यंत सगळं बोलून झालं होतं, पण हार आधी कुणी पाठवायचा, हे काही कुणी विचारलं नव्हतं. दोन्हीकडे वाटत होतं की यात विचारायचं काय. बारा-तेरा कोसांच्या आणि एका भाषेच्या अंतरावर दोन घरं हात जोडून बसली होती आणि दोघांनाही वाटत होतं की पलीकडच्यांनी पाठ फिरवली.

अण्णांनी पुडी उघडली. पदकाला उभी चीर गेली होती, हात लावताच एक तुकडा निखळला. ते ओशाळून काही म्हणणार होते, तेवढ्यात त्या बाईनं तुकडा उचलला, बोटांनी दोन केले, एक अण्णांच्या हातावर ठेवला आणि दुसरा आपल्या तोंडात टाकला. साखर फुटली तर वाटायला सोपी, असं काहीसं म्हणाली. मुलाला शाळेतून बोलावणं गेलं. तो सायकल दामटत आला, कान लाल, आणि अण्णांनी त्याच्या गळ्यात तो तुटका हार घातला. सारवण वाळलं होतं. आम्ही आत गेलो, पाटावर बसलो, आणि अण्णांनी मग तांब्याभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

दिवेलागणीला घरी पोचलो. ताई दारात उभी होती, अण्णांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत. त्यांनी साडी आणि हार तिच्या हातात दिला. आई कुंकवाची कोयरी आणायला धावली, थांब गं, आधी कुंकू लावू दे म्हणत होती, पण ताईनं हार गळ्यात घातला, खालचं पदक उचललं आणि कड्कन चावलं. समोरच्या कमलाकाकूंना ऐकू गेलं असावं. अण्णा खुर्चीत बसून तोंडावर टोपी धरून रडले.

तेव्हापासून आमच्या घरून होळीला हार आधी जातो आणि तिकडून परतीचा हार पाडव्याच्या आत येतो. अण्णांनी ते कधी चुकवलं नाही आणि त्यांच्यानंतर मी चुकवलं नाही. या सगळ्या वर्षांत मला वाटत आलं की ती गंमत होती, सांगायला बरी. सगळ्या लग्नांत मी ती हसत सांगत आले. नवी पेठेत उभी असताना पहिल्यांदा कळलं की त्या होळीला आमचं घर खरंच मोडायला आलं होतं, आणि ते कुणाच्या वाईटपणामुळे नव्हे, तर दोघंही चांगले होते म्हणून, मान राखून गप्प बसले होते म्हणून. आणि आता मी तेच करत होते.

मी हार घेतला. एसटीत पिशवी मांडीवर धरून बसले. रस्ता आता रुंद आहे, खड्डे नाहीत, हार फुटायचं कारण नव्हतं, तरी हात सुटेना. कुणाच्या गळ्यात घालणार, हे मला ठाऊक नव्हतं. भाऊजींच्या फोटोला घालावा तर साखरेचा हार फोटोला कसा घालायचा? लोक म्हणतील, दुखवट्याच्या घरात हिनं हे काय आणलं. ताईच तसं म्हणाली तर? मठावरून चालत गेले आणि चालताना पाय जड झाले, अण्णांचे झाले असतील तसे.

घर आता फरशीचं आहे, ओटा मात्र तोच. मी ओट्यावर थांबले. ताई दारात आली. पांढरे केस, अंगावर साधं पातळ, गळा मोकळा. तिनं पिशवीकडे बघितलं आणि ओळखलं.

"आत ये, हितं का उभी?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिची भाषा सासूसारखी झाली आहे. मग पिशवीवरची नजर न काढता म्हणाली, "आता कुणाच्या गळ्यात घालनार गं?"

"तुझ्या," मी म्हणाले. मलाही ते बोलल्यावरच कळलं.

ती मागे वळली. आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाण्यानं भरलेली परात होती आणि परातीत झाकण लावलेला डबा. तिनं झाकण काढलं. आत परतीचा हार होता. "आनून ठिवला," ती म्हणाली. "पाठवू का नको, कळंना. तुला कसं इचारू?"

आम्ही दोघी तिथंच, स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. तिनं मान खाली घातली. मी हार तिच्या गळ्यात घातला. मग तिनं पदक उचललं, डाव्या बाजूला अजून दोन दाढा शाबूत आहेत, तिकडे नेलं आणि चावलं.